मिग-२१ चं किट आहे, त्यातून कधीच न झालेलं विमान करायचंय. नाक कापू का?

गिरणाकाठ (जळगाव)

मंडळी, १/७२ मापाचं मिग-२१ बिसचं प्लास्टिक मॉडेलचं किट कपाटात पडून आहे. डबा उघडलाय, पण फ्रेममधून एकही भाग तोडलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हाच बांधायला घेणार होतो. मग वाटलं, मिग-२१ तर या छंदातल्या प्रत्येकाकडे असते. त्यात आपली आणखी एक कशाला?

तर कल्पना अशी. १९७० च्या दशकात आपल्याकडे मारुत हे देशी लढाऊ विमान होतं, त्याला हवं तसं इंजिन मिळालं नाही. मिगचं इंजिन मात्र कोरापुटला बनत होतं आणि मिग ओझरला. समजा कोणी म्हणालं असतं, की मिगचे पंख, शेपूट, इंजिन ठेवा आणि पुढचा भाग मारुतसारखा करा: टोकदार बंद नाक, आत मोठं रडार, हवा दोन्ही बाजूंनी. असं विमान १९७८ च्या सुमारास उडालं असतं तर कसं दिसलं असतं? ते मला बांधायचंय.

प्रश्न:
नाक कापून बाजूला हवेची तोंडं द्यावीत, की रशियन पद्धतीने पोटाखाली एकच? कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरची काच) मारुतसारखी हवी तर कशी करायची? आणि जळगावात मिळणाऱ्या सामानात किती भागेल? बाहेरून मागवलं की महिना जातो.

भरीत_पार्टी

काय भो, चांगलं विमान कापाले निंघना का? बठ्ठा उद्योग सोडीसन हाई काय मांडं शे!

कापायचंच असेल तर बामणोदची वांगी कापा. हिवाळा आलाय.

चिकित्सक (धुळे)

वांगी भाजतात, कापत नाहीत. असो.

गिरणाकाठ, मी सरळ सांगतो. किट जसं आहे तसं नीट बांधणं हेच मुळात अवघड आहे. सांधे जुळवा, पॅनेल रेषा जपा, रंग नीट मारा, मग कल्पनाशक्ती. काल्पनिक विमानात चूक कोणाला सापडत नाही, म्हणून लोक त्याकडे वळतात असं माझं निरीक्षण आहे. सांधा उघडा राहिला तर म्हणायचं, 'आमच्या विश्वात असाच असतो.'

गिरणाकाठ

चिकित्सक, टोमणा पोचला. पण सरळ बांधणी आधी केलेली आहे, कपाट भरलंय. सांध्यांबद्दल वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

ओझरकर

मी ओझरला जोडणीत नोकरी केली, आता चाळीसगावला असतो. नातवाने हा धागा दाखवला. थोडं लांब लिहितो, चालवून घ्या.

मिग-२१ च्या नाकातल्या शंकूला दोन कामं असतात. वेग वाढला की तो पुढे सरकतो आणि आघात-लहर (शॉक वेव्ह) तोंडाच्या काठावर राहील असं बघतो. दुसरं म्हणजे रडार त्याच्याच आत. त्यामुळे शंकूएवढंच रडार मावतं, त्याहून मोठं नाही. तोंड मोठं करावं तर सगळं पुढचं शरीर फुगतं. म्हणून जगात ज्यांना मोठं रडार हवं होतं त्या बहुतेकांनी हवा बाजूने किंवा खालून घेतली. तुमच्या कल्पनेला पाया आहे.

आता महत्त्वाचं. मिगमध्ये नाकातून आत आलेली हवा सरळ इंजिनात जात नाही. कॉकपिट मध्ये येतं, म्हणून नळी दोन भागांत फुटते, वैमानिकाच्या डावी-उजवीकडून जाते आणि मागे पुन्हा एक होते. म्हणजे हवा तशीही बाजूनेच वाहते आहे. तुम्ही फक्त तिचं दार नाकावरून कॉकपिटच्या मागे सरकवायचं. पुढची नळी गेली की तिथे रडार, इलेक्ट्रॉनिक्स, थोडं इंधन, सगळ्याला जागा. डिझाइनवाल्यालाही हे पटेल.

पोटाखालचं तोंड हवं असेल तर पुढच्या चाकाचं काय करणार ते आधी ठरवा. मिगचं पुढचं चाक पुढे दुमडून जातं, नेमकं जिथे तुम्ही तोंड काढाल तिथे. रशियनांनी हे करून पाहिलं होतं. १९६२ मध्ये ये-८ नावाची दोन विमानं बनली, मिग-२१ वरूनच: हवा खालून, नाकाशेजारी दोन लहान पंख. त्यातलं एक त्याच वर्षी पडलं आणि प्रकरण संपलं.

बाजूच्या तोंडांचं उदाहरणही आहे. चीनने मिग-२१ च्या आराखड्यावरून दोन इंजिनांचं जे-८ केलं, ते १९६९ ला उडालं, नाकात तोंड असलेलं. मग त्याचंच जे-८ दोन, बंद नाक आणि बाजूला तोंडं, १९८४ ला उडालं. आणि त्यांच्या मिग-२१ च्या दोन आसनी शिकाऊ प्रकाराला बंद नाक आणि बाजूची तोंडं लावून केलेलं जेएल-९ डिसेंबर २००३ ला उडालं.

भुसावळ_जंक्शन

म्हणजे गिरणाकाठ यांचं काल्पनिक विमान चीनमध्ये उडतंय. धागा बंद करा, चहा घ्या :)

गिरणाकाठ

काका, एवढी माहिती दिलीत, मनापासून आभार. पण आता झोप उडाली. जेएल-९ चे फोटो बघितले. माझ्या वहीतल्या चित्राशी बरंच जुळतं.

मग आपल्या विमानात आपलं काय उरलं?

मीरा_अमळनेर

उरलं की! त्यांनी केलं २००३ ला, शिकवण्यासाठी. तू म्हणतोस १९७८, लढण्यासाठी. काळ बदलला की सगळं बदलतं: अँटेना, बाहेरच्या टाक्या, क्षेपणास्त्रं, रंगसुद्धा. काल्पनिक विमान पटतं ते त्याच्या मागच्या गोष्टीमुळे. आधी एक पान गोष्ट लिही, मग करवत उचल.

आणि गोष्टीला खरा धागा आहे. मारुत जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी बंगळुरूला आखलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं. ते ज्या ताकदवान ऑर्फियस बीओआर-१२ इंजिनासाठी आखलं होतं त्याच्या विकासाला पैसे कोणी दिलेच नाहीत. मग साधं ऑर्फियस ७०३ बसवलं, तेही आफ्टरबर्नरशिवाय (मागे जादा इंधन जाळून जोर वाढवायची सोय). मध्ये इजिप्तच्या ई-३०० इंजिनाचा प्रयत्न झाला, मारुतचा एक सांगाडा तिकडे गेला, इंजिन त्यावर उडवूनही पाहिलं, १९६९ ला तेही गुंडाळलं. एवढं होऊनही १४७ मारुत बनली आणि १९७१ ला राजस्थान आघाडीवर लढली.

तुझी गोष्ट १९६९ लाच सुरू कर. इजिप्तचा दोर तुटला, बंगळुरूचा एक गट ओझरला येऊन बसला.

ओझरकर

मीराताईंनी नेमकं सांगितलं. आकडे जोडतो. मारुतच्या दोन ऑर्फियसचा मिळून जोर साधारण ४४०० किलो. बिसमधलं आर-२५ एकटं, आफ्टरबर्नरसह ७१०० च्या आसपास. मारुतची अडचण काय होती ते एवढ्यावरून कळावं.

तरुण_तुर्क (नंदुरबार)

दादा एक नंबर आयडिया 🔥 पोटाखाली ब्रह्मोस लावा!!

भुसावळ_जंक्शन

तुर्कभाऊ, हवेतून सोडायचं ब्रह्मोस आठ मीटरच्या वर लांब आणि अडीच टन वजनाचं. १/७२ ला ते अकरा सेंटिमीटरच्या पुढे जातं. मिग-२१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलवर जेमतेम दहा सेंटिमीटर. विमानाला क्षेपणास्त्र लावायचंय की क्षेपणास्त्राला विमान?

तरुण_तुर्क

सुखोईला लावतात ना पण

भुसावळ_जंक्शन

सुखोई-३० रिकामं अठरा टनांच्या आसपास भरतं. आणि १९७८ ला ब्रह्मोस कुठून आणणार?

तरुण_तुर्क

काल्पनिक आहे ना 😅

मीरा_अमळनेर

हाच तर वाद आहे या प्रकारात :) माझा नियम असा: एक खोटं बोलायचं, बाकी सगळं खरं. इथलं खोटं म्हणजे 'हे विमान बनलं'. ते एकदा मानलं की हवा आत जायला हवी, चाकं मावायला हवीत, वैमानिकाला धावपट्टी दिसायला हवी.

हवेचंच बघ. समज किटच्या नाकाचं तोंड १२ मिमी व्यासाचं आहे आणि शंकू तोंडापाशी ७ मिमीचा. मोजून घे, मी अंदाजाने धरतेय. पूर्ण वर्तुळ ११३ चौरस मिमी, शंकूचे ३८ वजा केले, हवेला उरले ७५. दोन तोंडांत वाटले तर प्रत्येकी ३७-३८. अर्धगोल तोंड केलंस तर साधारण १० मिमी उंच, ५ मिमी रुंद. मारुतसारखे अर्धशंकू त्यात बसवायचे असतील तर ते जेवढी जागा खातील तेवढं तोंड वाढव. नुसती चिमुकली भोकं ठेवलीस तर बघणाऱ्याला आकडेमोड येत नसली तरी काहीतरी चुकतंय हे दिसतंच.

आणि तोंड अंगाला चिकटवू नकोस. विमानाच्या अंगालगतची हवा मंदावलेली असते, ती इंजिनात नको असते, म्हणून मध्ये फट ठेवतात. १ मिमीची प्लास्टिकची पट्टी मध्ये घाल. मापाने ती ७२ मिमी होते. पटण्यासारखी.

ओझरकर

ताई, तुम्ही कुठे शिकवता का?

मीरा_अमळनेर

हो काका, पॉलिटेक्निकला. कळलं का लगेच? :)

कंबर राहिलीच. अमेरिकेचं एफ-१०२ पहिल्या रूपात १९५३ ला ध्वनीचा वेग ओलांडू शकलं नाही. रिचर्ड व्हिटकॉम्ब यांच्या क्षेत्रफळाच्या नियमानुसार पंखांपाशी त्याचं अंग आवळलं आणि १९५४ च्या डिसेंबरात ते सुधारलेलं रूप पार गेलं. मारुतलाही ती कंबर आहे. बाजूला तोंडं लावलीस की तिथे जाडी वाढेल, मग ती मागे पंखापाशी हळूहळू उतरायला हवी. फुगवटा एकदम संपवू नकोस.

ओझरकर

एक सावधगिरी. मिगची मागची चाकं पंखात राहत नाहीत. पाय पंखात, चाक उभं होऊन अंगात शिरतं. कंबर आवळताना चाकाची खोली खाऊ नका. तिथे फुगवटा ठेवावाच लागेल.

चटई_लाइन (जळगाव एमआयडीसी)

सामानाच्या प्रश्नावर मी बोलतो, प्लास्टिकमध्येच आयुष्य चाललंय.

किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. मॉडेलचा सिमेंट ते विरघळवतो आणि दोन्ही बाजू एकमेकांत मुरतात, म्हणून सांधा पक्का. आमच्या चटईचं प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन, त्याला तो सिमेंट काहीही करत नाही, फेविक्विकही धड धरत नाही. शेतातला पाइप पीव्हीसी, तो आणखी वेगळा. तेव्हा 'प्लास्टिक आहे ना, लावून टाक' हे चालणार नाही.

स्टायरीनची शीट मिळत नसेल तर घरात शोधा. डबा उलटा करा, त्रिकोणात ६ आकडा असेल तर आपलं. दह्याचे, आइस्क्रीमचे काही कप ६ चे असतात, पांढरे, पातळ, वाकवायला छान. तोंडाच्या कडा त्याच्याच करा. सीडीची जुनी पारदर्शक डबी पण तीच जात, फक्त ठिसूळ. ५ आकडा दिसला तर ठेवून द्या. एटीएमची जुनी कार्डं बहुधा पीव्हीसी, ताठ असतात, आतल्या आधाराला बरी, पण ती फेविक्विकने लावा.

उरलेल्या फ्रेमचे बारीक तुकडे करून सिमेंटच्या बाटलीत टाका, एक-दोन दिवसांत घट्ट रस होतो. फटी त्याने भरा. वाळला की किटचंच प्लास्टिक, कापता येतं, रेषा कोरता येते.

चिकित्सक

दह्याच्या कपातून लढाऊ विमान. धन्य.

चटई_लाइन

साहेब, किटवाले जे वापरतात ती जात तीच. त्यांच्या डब्यावर चित्र छान असतं, एवढंच.

भुसावळ_जंक्शन

मोठ्या फटीला फेविक्विक आणि खायचा सोडा. सोडा भरायचा, वरून थेंब, जागच्या जागी दगड. पण लगेच घासून घ्या. रात्रभर ठेवलात तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो, मग घासायचा पेपर आजूबाजूचं मऊ प्लास्टिक खातो आणि सोडा तसाच उंच राहतो.

गॅरेजवाल्यांची लांबी (पुट्टी) मिळते सगळीकडे, पण पातळ पातळ थर द्या. जाड दिली की आकसते, आणि तिच्यातला थिनर खालचं प्लास्टिक मऊ करतो.

आता वजन. नाक बदललं की तोल बदलणार. सगळं मास्किंग टेपने तात्पुरतं जोडा, मागच्या चाकांच्या जागेखाली पेन्सिल आडवी धरा. शेपूट खाली गेली तर नाकात वजन हवं. जाळ्याला लावायचं शिसं तापीकाठी कुठल्याही मासेमारीच्या दुकानात मिळतं. ते अॅराल्डाइटने बसवा, पांढऱ्या गोंदाने अजिबात नाही. तो गोंद आणि शिसं यांची हळूहळू प्रक्रिया होते, शिसं फुगतं आणि दोन-चार वर्षांनी विमानाचं नाक आतून उकलतं. शिसं हाताळल्यावर हात धुवा, नाहीतर त्याच हाताने शेवभाजी खाल.

गिरणाकाठ

हे शिशाचं माहीत नव्हतं. कपाटातल्या काही नाकांकडे आता संशयाने बघतोय.

पाचोरा_पेंटर

गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. एक-दोन मुद्दे.

स्प्रे गन, कॉम्प्रेसर हवा असेल तर कोणत्याही मूर्तिकाराला विचारा. अनंत चतुर्दशी झाली की पुढे काही महिने ते पडून असतं. पण आमची मोठी गन तुमच्या कामाची नाही, कपडे-दागिन्यांच्या छटा मारायची बारीक गन असते ती मागा. दाब कमी ठेवा, पंधरा-वीस पीएसआय पुरे.

वेळ महत्त्वाची. आपल्याकडे एप्रिल-मे ला पारा ४५ ला टेकतो. दुपारी अॅक्रिलिक मारलात तर रंग गनमधून निघून प्लास्टिकवर पोचेपर्यंत हवेतच वाळतो, वर धूळ बसल्यासारखं खरखरीत होतं. पहाटे मारा, गन जवळ धरा, रंगात रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव्य) घाला. पावसाळ्यात उलटं, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी जमतं आणि मधूनच थेंब उडतो. टाकी रिकामी करून सुरुवात करा.

बारीक रेषांसाठी डोळ्यांची आखणी करणारा माणूस गाठा. त्याचा हात बघितलात तर तुमच्या त्या महागड्या पेनांची गरज राहणार नाही.

भरीत_पार्टी

म्हंजे आते बाप्पाना डोया आखनारा विमानले डोया लावी!

पाचोरा_पेंटर

भाऊ, अमेरिकन लोकांनी विमानांना शार्कचे जबडे आणि डोळे रंगवलेतच की.

स्टिकर_पॉइंट (धुळे)

माझं गाड्यांच्या रेडियमचं दुकान आहे. वायुसेनेचं वर्तुळ छापण्यापेक्षा स्टेन्सिल कापून रंगवा, ताजं दिसतं. मधे हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. प्लॉटर गोल छान कापतो. अक्षरं मात्र तीन-चार मिमीच्या खाली गेली की पापुद्रा फाटतो, ती डेकल पेपरवरच (पाण्यात भिजवून चित्र उतरवायचा कागद) छापा. इंकजेटवर छापलंत तर आधी वर वार्निशचा हलका हात द्या, नाहीतर पाण्यात टाकल्याबरोबर शाई सुटेल.

रेडियमचा चिकटपणा विमानासाठी जास्त असतो. आधी दोन-तीनदा पँटवर चिकटवून काढा, मग मॉडेलवर लावा. तसाच लावलात तर काढताना खालचा रंग सोबत येईल.

केळीबाग (रावेर)

रंगाबद्दल कोणी बोललंच नाही. तुम्ही सगळे हिरवा-तपकिरी ठरवून टाकाल, मला माहीत आहे.

वरून खान्देश कसा दिसतो याचा विचार करा. आमच्याकडे तापीच्या काठाला बारमाही गर्द केळी. जरा दक्षिणेला सरकलं की काळी जमीन, पेरणीआधी ती वरून जवळजवळ राखाडी-काळी दिसते, कारण वरचा थर सुकून भेगाळलेला. उत्तरेला सातपुडा, उन्हाळ्यात सागाची पानगळ झाली की डोंगर उघडा, तांबूस-करडा. आणि कापूस फुटला की पांढऱ्या ठिपक्यांची शेतं. जळगावहून उडणारं विमान खाली लपवायचं असेल तर राजस्थानचा वाळूचा रंग काय कामाचा?

मी म्हणेन, गर्द हिरवा आणि काळसर राखाडी, मोठे पट्टे, कडा किंचित पसरट. पोट फिकट निळसर. ऊन इतकं असतं की वरचे रंग दोन उन्हाळ्यांत विटणार, तेव्हा हिरव्यात थोडा पिवळा-पांढरा मिसळून मधल्या पॅनेलांचा रंग विटका करा.

चिकित्सक

हे मात्र आवडलं. पोटाला फिकट निळा नको, करडा घ्या. आपल्याकडचं उन्हाळी आकाश धुळीने पांढुरकं असतं.

केळीबाग

बघा, चिकित्सक पण आले खेळात.

चिकित्सक

खेळात आलेलो नाही. रंगाची चूक दिसली म्हणून बोललो.

निखिल_थ्रीडी (जळगाव)

एवढं कापाकापी करण्यापेक्षा तोंडं आणि नाक संगणकावर काढून रेझिन प्रिंटरवर छापा. दोन्ही बाजू अगदी सारख्या येतात. हाताने डावं-उजवं तंतोतंत सारखं करणं हेच सगळ्यात अवघड. माझ्याकडे प्रिंटर आहे, फाइल करून देतो.

भुसावळ_जंक्शन

मग सगळंच विमान छापा, किट कशाला?

निखिल_थ्रीडी

दादा, तुम्ही रेल्वेच्या शेडमध्ये बेअरिंग हाताने तासता का? नाही ना.

भुसावळ_जंक्शन

मार खाल्ला :)

पण रेझिनला मॉडेलचा सिमेंट लागत नाही हे लक्षात ठेव, फेविक्विक किंवा अॅराल्डाइट. आणि अर्धकच्च्या रेझिनला हात लावू नको, त्वचेला त्रास होतो.

मीरा_अमळनेर

मधला मार्ग: एक तोंड हाताने कर, मनासारखं झालं की निखिलकडून मोजून आरशातलं दुसरं छापून घे.

कॅनोपीचं सांगते. मारुतची कॅनोपी मिगपेक्षा लांबट आणि सरकणारी. सागाच्या लाकडाचा साचा कोर, पेपरने गुळगुळीत कर. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, त्रिकोणात १ आकडा असतो ते, गरम केलं की आकसतं. साचा बाटलीत आतून ताठ बसव आणि हीट गन फिरव, बाटली साच्याला आवळून बसते. मग कापून काढ. साचा किटच्या प्लास्टिकचा करू नकोस, त्या उष्णतेत तोच आधी लोळेल. आणि बसवताना फेव्हिकॉल. फेविक्विकच्या वाफेने काच पांढरी पडते, ती नंतर पुसून जात नाही.

तरुण_तुर्क

नाव काय विमानाचं? 'खान्देश एक्सप्रेस' ठेवा

भरीत_पार्टी

'कानबाई' ठेवा, श्रावणात उडवू.

मीरा_अमळनेर

मारुत म्हणजे वारा, तर हे 'वावटळ'. मे महिन्यात कुठल्याही मोकळ्या रानात दिसते.

ओझरकर

नाव चांगलं आहे.

गिरणाकाठ, एक विनंती. शेपटीवर जो क्रमांक टाकाल तो आधी तपासून घ्या. मिगच्या क्रमांकांच्या याद्या अभ्यासकांनी केलेल्या आहेत, कोणतं विमान कुठे गेलं तेही त्यात असतं. काही जण आकर्षक दिसतो म्हणून कोणताही आकडा उचलतात. त्यातले काही आकडे ज्या विमानांचे होते त्यांतून माणूस परत आलेला नाही. आम्ही ज्यांवर काम केलं त्यांतलेही आहेत. तुमचं विमान काल्पनिक आहे, तर आकडाही असा घ्या जो कधी कोणाला दिलाच नव्हता.

गिरणाकाठ

काका, नक्की. आकडा ठरवला की आधी तुम्हाला पाठवतो, तुम्ही हो म्हणालात तरच लावीन.

स्टिकर_पॉइंट

काकांचा होकार आला की आकडे मी कापून देतो. पैसे नकोत.

गिरणाकाठ

दोन रात्री वहीत गेल्या. सगळ्यांचं वाचून जे ठरलं ते लिहितो.

नाक कापणार. कॉकपिटच्या पुढची काच संपते तिथून थोडं पुढे. बाजूला अर्धगोल तोंडं, मीराच्या हिशोबाने. किटचं तोंड खरंच मोजलं, १२ पेक्षा थोडं जास्त भरलं, म्हणून उंची ११ मिमी धरली. अर्धशंकू ठेवणार, कारण त्याशिवाय मारुतची आठवण येत नाही. मध्ये १ मिमी फट. नवं नाक कडुलिंबाच्या लाकडातून कोरतोय, शिसं त्याच्या मागे पोकळीत, अॅराल्डाइटने. पोटाखालचं तोंड रद्द, चाकाचा प्रश्न मला सुटला नाही.

शेपटीचं बघताना एक नवीन अडचण दिसली. नाक लांबलं की उभी शेपूट छोटी वाटते. पुढे जास्त अंग आलं तर दिशा स्थिर ठेवायला मागेही जास्त पृष्ठभाग लागेल ना? उभी शेपूट दोन-तीन मिमी उंच करू की पोटाखालचा पंख मोठा करू?

मीरा_अमळनेर

बरोबर पकडलंस. पोटाखालचा मोठा कर. मिगला तो आहेच, म्हणजे नवीन काही जोडल्यासारखं वाटणार नाही. फक्त उतरताना नाक वर होतं तेव्हा तो जमिनीला घासणार नाही एवढं बघ. मागच्या चाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पट्टी लावून कोन काढ, त्या रेषेच्या खाली काही यायला नको.

ओझरकर

किंवा तो दोन लहान पंखांत वाटा, तिरके, दोन्ही बाजूंना. उंची वाचते. असं बऱ्याच विमानांवर आहे.

गिरणाकाठ

दोन तिरके. हे छान दिसेल. घेतलं.

चिकित्सक

अजूनही म्हणतो, दुसरं किट आणून सरळ मिग बांधा आणि हे शेजारी ठेवा. बघणाऱ्याला काय बदललं ते तरच कळेल.

गिरणाकाठ

चिकित्सक, ते तुम्ही बांधा ना. तुमचं सरळ, माझं वाकडं. शेजारी ठेवू.

चिकित्सक

बघतो. १/७२ च ना?

भुसावळ_जंक्शन

गिरणाकाठ, कापलेलं नाक आणि शंकू फेकू नका. माझ्याकडच्या मिगचा शंकू पोराने चावून ठेवलाय. शनिवारी पॅसेंजरने भुसावळला येणार असाल तर घेऊन या, शिसं मी देतो.